यॉर्कशायरमधील दगडी गडग्यांच्या दुरुस्तीत स्वयंसेवक म्हणून कसे सामील व्हावे?

लीड्सकर:

नमस्कार. मी नऊ वर्षांपासून लीड्स येथे राहतो. या उन्हाळ्यात माझे वडील संगमेश्वर तालुक्यातून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. मागच्या रविवारी त्यांना मॅलम येथील चुनखडीचा प्रसिद्ध कडा दाखवायला नेले होते. कड्याकडे त्यांनी जेमतेम पाच मिनिटे पाहिले असेल. उरलेला सगळा वेळ ते वाटेच्या कडेला असलेल्या दगडी भिंतीपाशी उभे राहून तिच्या सांध्यांत बोटे घालून पाहत होते. चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड, आणि अशा भिंती डोंगराच्या माथ्यापर्यंत सरळ चढत गेलेल्या. "हे आपले गडगेच आहेत, फक्त घालणाऱ्याला घाई नव्हती," असे ते म्हणाले. त्यांनी स्वतः काजूच्या बागेभोवती आयुष्यभर गडगे घातले आहेत, त्यामुळे त्यांच्या मताला घरात वजन आहे.

थोडे पुढे गेल्यावर एक भिंत ढासळलेली होती आणि पाच-सहा माणसे, त्यांतील बरीचशी निवृत्त वयाची, ती पुन्हा उभी करत होती. चौकशी केल्यावर कळले की ते सगळे स्वयंसेवक आहेत. तेव्हापासून वडिलांनी ध्यास घेतला आहे की एक दिवस तरी या लोकांबरोबर काम करायचे. त्यांना एक गोष्ट मात्र खटकली. पडलेला भाग साधारण दोन मीटरचा होता, पण ते लोक दोन्ही बाजूंची चांगली दिसणारी भिंतही उतरवत होते. उभी भिंत मोडण्यात काय शहाणपण आहे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

येथील कोणी असे काम केले असेल तर कृपया सांगावे की सुरुवात कोठून करावी, नवख्या माणसाकडून काय अपेक्षा असते आणि त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला हे झेपेल का.

व्हार्फडेलचा वाटसरू:

मी स्किप्टनजवळ राहतो आणि सहा वर्षांपासून महिन्यातून एक-दोन दिवस हे काम करतो. वडिलांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात या कामाचे मर्म आहे.

ही भिंत बाहेरून एक दिसली तरी आतून दोन असतात. दोन दर्शनी भिंती समोरासमोर उभ्या करून त्या वर जाताना एकमेकींकडे झुकत नेतात. म्हणजे पायाशी सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद असलेली भिंत माथ्याशी चाळीसच्या आसपास येते. मधल्या पोकळीत लहान दगड, ज्यांना आपले गवंडी चिपा म्हणतील, ते एकेक करून हाताने बसवतात. निम्म्या उंचीवर, साधारण दर मीटरला एक, असा आरपार जाणारा लांब दगड घालतात, जो दोन्ही दर्शनी भिंतींना बांधून ठेवतो. माथ्यावर जड दगड उभे किंवा तिरपे लावतात. त्यांच्या वजनाने खालचे सगळे दाबून धरले जाते.

आता भिंत पडते कशी ते पाहा. पाया एका बाजूने खचतो, किंवा मेंढ्या आणि माणसे तिच्यावरून चढून माथ्याचे दगड पाडतात, किंवा शेजारच्या झाडाची मुळे आत शिरतात. माथा गेला की वरचे थर सैल होतात, आतल्या चिपा खाली सरकू लागतात आणि एका बाजूला पोट येते. पोट फुटते तेव्हा दोन मीटरचा भाग पडतो, पण त्याच्या दोन्ही अंगांना आणखी एक-दीड मीटर भिंत केवळ सवयीने उभी असते. तिच्या पोटातल्या चिपा केव्हाच उतरलेल्या असतात. तिला टेकवून नवे काम केले तर सांधा पहिल्या हिवाळ्यातच उघडतो. म्हणून जेथे भिंत खरोखर घट्ट लागेल तेथपर्यंत ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत जायचे, आणि त्या पायऱ्यांवर नवे थर चढवत जुन्या-नव्याची सांधेमोड करायची, म्हणजे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. वडिलांना सांगा, मोडलेली भिंत उभी होती हे खरे, पण धड नव्हती.

नवख्या माणसाला पहिला अर्धा दिवस दगड उतरवून मांडण्यातच जातो आणि त्याचा अनेकांना कंटाळा येतो. माथ्याचे दगड सर्वांत लांब, कारण ते सर्वांत शेवटी लागतात; आरपारचे दगड वेगळे; मोठे पायाचे दगड हाताशी; चिपांचे ढीग ठिकठिकाणी; आणि भिंतीलगत हिंडायला मीटरभर मोकळी वाट. मी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळे एकाच ढिगात टाकले होते आणि दुपारनंतर चार जणांना माझ्या ढिगात दगड शोधत बसावे लागले. कोणी काही बोलले नाही, हेच जास्त लागले.

त्यानंतर पाया कडक जमिनीपर्यंत खणतात, दोन्ही टोकांना लाकडी चौकट उभी करून दोऱ्या बांधतात आणि दोरी थराथराने वर चढवत रचाई करतात. नियम थोडे आहेत. दगडाची लांबी भिंतीच्या आत जावी, दर्शनी बाजूला नव्हे. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसावा. दगड हलत असेल तर त्याला मागून पाचर द्यावी, दर्शनी बाजूने नव्हे. आणि थर झाला की लगेच आतल्या चिपा भराव्यात. फावड्याने ओतू नयेत. शेवटचा नियम मोडणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे, कारण बाहेरून तो मोडलेला कळतच नाही. आठ-दहा वर्षांनी पोट आल्यावर कळतो.

सामील होण्यासाठी तीन वाटा आहेत. यॉर्कशायर डेल्स या येथील राष्ट्रीय उद्यानाच्या स्वयंसेवकांत नाव नोंदवता येते; वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालमत्तांवर, उदाहरणार्थ मॅलमच्या तलावाच्या परिसरात, ट्रस्टचे स्वयंसेवक काम करतात; आणि ड्राय स्टोन वॉलिंग असोसिएशन ही १९६८ साली स्थापन झालेली संस्था आपल्या शाखांमार्फत शनिवार-रविवारचे प्रशिक्षण घेते. पाहुण्यासाठी मी तिसरी वाट सुचवेन, कारण दोन दिवसांत पायापासून माथ्यापर्यंतचे सगळे टप्पे पाहायला मिळतात. त्रेसष्ट हे या कामात तरुण वय आहे. आमच्या गटातील सर्वांत भरवशाच्या बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. पायाच्या बोटांवर पोलादी कवच असलेले बूट मात्र हवेतच.

राजापूरचा कातळ:

लीड्सकर, तुमच्या वडिलांशी माझी मते जुळतील. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कलमे लावायची तर आधी जमीन साफ करावी लागते, आणि साफ करताना निघालेल्या दगडांचे काय करायचे याचे उत्तर म्हणजे गडगा. जमीन मोकळी होते आणि गुरे आत येत नाहीत, एका कामात दोन कामे. वर वाटसरू यांनी सांगितलेली दोन अंगांची रचाई आमच्याकडच्या जुन्या गडग्यांतही दिसते. फरक इतकाच की आमच्याकडे काही जण पोटात चिपांच्या जोडीला मातीही भरतात. काम लवकर उरकते, गडगा लगेच घट्ट वाटतो, आणि मग रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस ती माती दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन नेतो. उरलेल्या मातीत गवत आणि झुडपे रुजतात आणि त्यांची मुळे गडगा आतून उकलतात. मे महिन्यात पुन्हा गडी शोधत फिरायचे. माझ्या आजोबांनी चिपांनी भरलेला गडगा अजून उभा आहे, मी माती घालून रचून घेतलेला दोनदा पडला.

यॉर्कशायरमध्ये माती का भरत नाहीत, हे कोणी सांगू शकेल का? तेथे आमच्यासारखा पाऊस नाही.

डर्बीशायरचा अभियंता:

राजापूरकर, तेथे माती भरलेल्या भिंतीचा मोठा शत्रू पाऊस नसून थंडी आहे. माती पाणी धरून ठेवते. हिवाळ्यात ते पाणी गोठते, गोठताना फुगते आणि आजूबाजूच्या दगडांना बाहेर ढकलते. सकाळी वितळते, रात्री पुन्हा गोठते. एका हिवाळ्यात हे चक्र कितीदा फिरते याचा विचार केलात की मातीने भरलेल्या भिंतीला पोट का येते ते कळेल. नुसत्या चिपांमधून पाणी खाली निघून जाते, वारा आरपार खेळतो, भिंत कोरडी राहते. तुमच्या आजोबांचा गडगा आणि येथील भिंती यांचे शत्रू वेगळे आहेत, पण दोघांवरचा उपाय एकच निघाला.

माझा व्यवसाय पूल तपासण्याचा आहे, म्हणून एक गोष्ट पुढे जोडतो. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेली भिंत एकसंध असते आणि जमीन थोडी हलली की तिला तडा जातो. कोरड्या रचाईतला प्रत्येक दगड थोडा सरकू शकतो. जमीन खचली तर भिंत तिच्याबरोबर थोडी खाली बसते आणि नव्या जागी पुन्हा आवळली जाते. यासाठीच वरून वजन आणि दोन्ही अंगांचा आतला ढाळ हवा, म्हणजे बसताना दगड एकमेकांकडे सरकतात, बाहेर नाही. काही शेतकरी हौसेने माथ्याच्या दगडांना सिमेंट लावतात. माथा तेवढा अखंड राहतो, खालची भिंत त्याच्यापासून सुटून खाली बसते, आणि मग जे सर्वांत जड असते ते दाब देण्याऐवजी कमानीसारखे अधांतरी लटकते.

येथील भिंतींचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. गावालगतच्या वाकड्यातिकड्या भिंतींपैकी काही बऱ्याच जुन्या आहेत, पण डोंगरावर पट्टीने आखल्यासारख्या चढणाऱ्या भिंती बहुतांशी १७५० ते १८५० या काळातील आहेत, जेव्हा संसदेच्या कायद्यांनी गावांची सामाईक गायराने वाटून खासगी मालकीची केली. जमीन ज्याला मिळाली त्याने ठरावीक मुदतीत कुंपण घालावे अशी अट असे, आणि भिंतीची उंची, पायाची रुंदी, आरपारच्या दगडांची संख्या हेसुद्धा वाटपाच्या कागदांत लिहून दिलेले सापडते. ज्यांची गुरे त्या गायरानावर चरत होती, त्यांतील अनेकांना मजुरी करून त्याच भिंती रचाव्या लागल्या असणार. आज आपण ज्या दृश्याचे फोटो काढतो त्याची ही दुसरी बाजू आहे. यॉर्कशायर डेल्सच्या उद्यानात अशा भिंती एकत्र धरल्या तर आठ हजार किलोमीटरहून अधिक भरतात.

लीड्सकर:

सर्वांचे मनापासून आभार. वाटसरू यांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. "केवळ सवयीने उभी" हे शब्द त्यांना इतके आवडले की संध्याकाळी फोनवर त्यांनी ते गावातल्या दोघांना ऐकवले. एक अडचण पुढे आली आहे. ते पर्यटक व्हिसावर आले आहेत आणि त्या व्हिसावर काम करता येत नाही. विनामोबदला असले तरी हे कामच नव्हे का?

वेम्बलीची वाचक:

पाहुण्यांच्या व्हिसावर एकूण तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, मात्र ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी असावी लागते आणि येथे येण्याचा मुख्य हेतू दुसरा असावा लागतो. नॅशनल ट्रस्ट आणि वर उल्लेखलेली असोसिएशन या दोन्ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत. राष्ट्रीय उद्यानाचे प्राधिकरण ही सार्वजनिक संस्था आहे, धर्मादाय नव्हे, म्हणून तेथे जायचे असल्यास आधी विचारून घ्यावे. छंद म्हणून केलेले तीस दिवसांपर्यंतचे प्रशिक्षणही चालते, तेव्हा शुल्क भरून दोन दिवसांचा वर्ग करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरेल. नियम बदलत असतात, म्हणून जाण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ एकदा पाहावे.

पहार आणि हातोडा:

येथे सगळे कौतुक चालले आहे म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. मी कंब्रियात एका व्यावसायिक भिंतकाराच्या हाताखाली चार वर्षे काम केले आहे. चांगला कारागीर दिवसाला तीनेक मीटर भिंत उभी करतो, तीही एकट्याने, पावसात. सहा स्वयंसेवक मिळून चहा पीत दिवसभरात तेवढीच करतात आणि तिच्यातला काही भाग पुन्हा उतरवावा लागतो. याला माझी हरकत नाही. पण फुकट होते म्हटल्यावर पैसे देऊन कोण करून घेईल? या कौशल्याची प्राथमिक, मध्यम, प्रगत आणि निष्णात कारागीर अशा चार पायऱ्यांची परीक्षा असते, आणि वरची पायरी गाठायला वर्षे लागतात. ती गाठलेल्या माणसाला मजुरीसाठी भाव करत बसावे लागते. आणखी एक, ब्रिटनची ही कला युनेस्कोच्या यादीत आहे असे सांगून हौशी मंडळी मिरवतात, ते तरी खरे आहे का?

व्हार्फडेलचा वाटसरू:

युनेस्कोचे तुमचे म्हणणे रास्त आहे. २०१८ साली कोरड्या दगडी रचाईची कला अमूर्त वारशाच्या यादीत आली ती क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांच्या नावाने. २०२४ मध्ये आयर्लंडसह आणखी पाच देश जोडले गेले. ही यादी ज्या युनेस्को करारानुसार होते त्याला ब्रिटनने मान्यताच २०२४ साली दिली, त्यामुळे आठ हजार किलोमीटर भिंती असलेला आमचा डोंगर त्या यादीत नाही.

मजुरीच्या मुद्द्यावर मात्र मी अर्धाच सहमत आहे. ज्या भिंतीने शेतकऱ्याची मेंढरे अडतात तिच्यासाठी तो आजही कारागीर बोलावतो, आणि सरकारी अनुदानही दुरुस्त केलेल्या मीटरच्या हिशेबाने मिळते, म्हणून ते काम आमच्यासारख्यांकडे येत नाही. आमच्याकडे येतात त्या पायवाटेच्या कडेच्या, कोणाच्याच उपयोगाच्या न उरलेल्या भिंती, ज्यांच्यासाठी कोणीही पैसे मोजणार नाही. त्यांच्या फटींत रेन नावाचे चिमुकले पक्षी घरटी करतात, शेवाळ आणि दगडफूल वाढते, आणि म्हणून विणीच्या काळात आम्ही उतरवण्यापूर्वी प्रत्येक फट तपासतो. जेथे स्वयंसेवकांना शेतावरच्या रोजच्या कामावर पाठवले जाते तेथे तुमचा आक्षेप योग्य आहे, आणि असे एकदा आमच्याही गटाबाबत घडले होते. आम्ही ते काम नाकारले. आमच्यातील दोघांनी नाकारण्याला विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे.

पहार आणि हातोडा:

नाकारलेत हे ऐकून बरे वाटले. आक्षेप तेवढ्यापुरता मागे घेतो. लीड्सकर, वडिलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना एक सूचना द्या. चुनखडीचा दगड ओला झाला की साबणासारखा निसटतो, आणि त्याला जांभ्यासारखे छिलता येत नाही. हातोडा मारला तर हवा तेथे सोडून भलतीकडेच फुटतो. जो दगड आहे त्याची जागा शोधायची. आणि मॅलमच्या माथ्यावर जे उघडे कातळ पसरले आहे, त्यातला सुटा वाटणारा दगडही उचलू नये. त्या कातळाला १९८१च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षण आहे.

लीड्सकर:

दोन आठवड्यांनी परत लिहितो आहे. वडील शनिवार-रविवारचे प्रशिक्षण करून आले. मी सोबत दुभाषा म्हणून गेलो होतो, पण दुपारनंतर माझी गरज उरली नाही; प्रशिक्षक दगडाकडे बोट दाखवत आणि वडील मान हलवत किंवा ठामपणे नाही म्हणत. दहा जणांनी दोन दिवसांत मिळून साडेसहा मीटर भिंत पूर्ण केली.

वाद एकाच ठिकाणी झाला. वडिलांना दगड बसवल्यावर तो पायाने ठोकून पाहायची सवय आहे, आणि प्रशिक्षकांच्या मते त्याने खालचा थर हलतो. शेवटी प्रशिक्षकांनी वडिलांच्या रचलेल्या भागावर उभे राहून पाहिले. एकही दगड हलला नाही, तरी त्यांनी ठोकायला परवानगी दिली नाही. वडील घरी येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर होता तो. माझा थर हलला नाही कारण मी चिपा आधी भरल्या होत्या. दुसऱ्याने ठोकला असता तर हलला असता."

आता त्यांचा एक प्रश्न उरला आहे. त्या भिंतीच्या तळाशी दोन ठिकाणी मुद्दाम भोके ठेवली होती. एक विटेएवढे, आणि दुसरे इतके मोठे की लहान मूल रांगत जाईल, त्यावर लांब दगडाची चौकट. घरून फोनवर कोणीतरी सुचवले की ते पाण्याच्या मोरीसाठी असावे, पण जमीन तेथे चढावर होती, पाणी तिकडून वाहत नव्हते.

पहार आणि हातोडा:

लहान भोक सशांसाठी असते. काही ठिकाणी अशाच भोकातून साचलेले पाणीही काढून देतात, पण चढावर असेल तर ससेच. पूर्वी त्याच्या तोंडाशी फासा लावून ससे धरत असत. मोठे भोक मेंढ्यांसाठी. एका कुरणातून दुसऱ्या कुरणात मेंढ्या जाव्यात आणि गाई मात्र जाऊ नयेत, म्हणून तेवढीच उंची ठेवतात. नको असेल तेव्हा ते एका सपाट शिळेने बंद करतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा वडिलांना भोकाच्या आजूबाजूचे गवत चाचपून पाहायला सांगा, ती शिळा बहुधा तेथेच पडलेली असेल.